शेवटचे दोन खण

अ, ब, क आणि ड या चार बायकांनी त्या वर्षी माझं रक्त आटवलं. त्यांच्यातली एक अकलूजची, एक वेळापूरची, एक होटगीची आणि एक इथली, सोलापूरची. कोण कुठली ते आपण ओळखायचं. त्या स्वतः काही सरळ सांगत नाहीत. ‘अ ना अकलूजची, ना वेळापूरची’ असलं काहीतरी तिरकं बोलतात. समोर आल्या असत्या ना, तर चौघींना ओळीनं उभं करून विचारलं असतं, बायांनो, नीट गाव सांगायला काय होतं गं तुम्हाला?

पण अशी कोडी परीक्षेत असतात आणि त्या परीक्षेचे मी क्लास घेते. पाचवीतल्या मुलांनी ती द्यायची. पास झालं की सहावीपासून निवासी शाळा. राहणं, जेवण, शिक्षण सगळं तिथंच. आमच्या भागात एखादं पोरगं त्या शाळेत ‘लागलं’ की गल्लीभर पेढे वाटतात. माझ्या हाताखालची बरीच लागली. संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत क्लास भरायचा आणि दारात चपलांचा हा ढीग.

खोलीत शहाबादी फरशी आहे, काळपट, पाटीसारखी. एका पोराला एक फरशी. तिच्यावर खडूनं चार आडवे, चार उभे खण आखायचे. वरच्या बाजूला गावं लिहायची, कडेला अ, ब, क, ड. जिथं नक्की ‘नाही’ तिथं चिंचोका ठेवायचा. जिथं नक्की ‘हो’ तिथं शेंगदाणा. शेंगदाणा बसला की त्या आडव्या आणि उभ्या ओळीत बाकी सगळे चिंचोके. कागदावर खाडाखोड करून पोरं गोंधळतात, फरशीवर चिंचोका उचलला की काम झालं. ही पद्धत माझी स्वतःची आणि मला तिचा अभिमान आहे. एकच खोट होती. कार्टी बरोबर उत्तर खाऊन टाकायची. मी तपासायला पोचेपर्यंत फरशीवर नुसते चिंचोके आणि पोराच्या तोंडात अकलूज.

शेंगदाणे सासूबाईंच्या डब्यातले. त्या मूळच्या वेळापूरच्या. त्यांच्या भावाच्या रानातल्या शेंगा येतात, त्या फोडून, भाजून चटणीसाठी डब्यात भरून ठेवतात. डबा हलका झाला की आतून आवाज यायचा, पण मला उद्देशून नाही.

“पोरी, तुज्या आईला सांग, डबा माझा हाय. गल्लीतल्या पोरांची तोंडं चालवायला न्हाय.”

माझी मुलगी मधल्या दारात यायची. “आई, आजी म्हणते...”

“ऐकलं मी. सांग त्यांना, उद्या आणून टाकते बाजारातून.”

“आजी, आई म्हणते...”

“बहिरी न्हाय मी.”

दोघींना सगळं ऐकू यायचं. मधे एक भिंत आणि एक उघडं दार, बस. पण सासूबाई आणि मी बोलत नव्हतो. मुलगी बालवाडीत होती तेव्हापासूनचा अबोला. कारण विचाराल तर हसाल. क्लास नवीन होता. एका मुलाची आई चौकशीला आली होती. तिच्यासमोर सासूबाई म्हणाल्या, “चपलांचा ढीग बघा की. हे घर हाय का देऊळ?” मी फाडकन म्हटलं, “देऊळ असतं तर आतली माणसं गप्प तरी बसली असती.” त्या गप्प बसल्या. मग मीही बसले. सुरुवात कुणी केली हे मी आजही ठासून सांगेन.

आमचे हे होटगीला रेल्वेत. ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. त्यांनी आधी दोन्हीकडं शब्द टाकून बघितला, दोन्हीकडून बोलणी खाल्ली आणि मग अंगच काढून घेतलं. “तुमचं तुम्ही बघा,” म्हणाले. तरी घर चालायचं. गॅस संपला, पाणी सुटलं, बीपीची गोळी घेतली का, सगळे निरोप मुलगी पोचवायची. आणि निरोपातला तिखटपणा वाटेतच काढून टाकायची. मी म्हणायचे, “सांग त्यांना, खायचा असेल तर खा भात, नाहीतर राहू दे.” ती आत जाऊन म्हणायची, “आजी, गरम भात झालाय.”

अशी चलाख पोरगी पाचवीत गेली. मी तिचा अर्ज भरला. दारात येणाऱ्या आया म्हणायच्या, तुमची काय हो बाई, तुमची लागलीच म्हणून समजा. मीही तसंच समजून होते. मला ती तिथं जायला हवी होती, आणि नुसतं माझं नाक वर राहावं म्हणून नाही. तिथं मैदान आहे, पुस्तकांनी भरलेली खोली आहे, शिकवायला धड माणसं आहेत. आमच्या गल्लीत राहून ती फार तर माझ्यासारखी झाली असती.

लागते कसली! गणित चोख, भाषा चोख, आणि कोडं आलं की सगळी माती. चुकायची तरी कशी, तेही ऐका. हे साधं कोडं घ्या. अ ना अकलूजची, ना वेळापूरची. ब होटगीची. क वेळापूरची नाही. संपलं. होटगीला ब बसली, म्हणजे अ ला सोलापूरशिवाय जागाच नाही. राहिल्या क आणि ड, राहिली अकलूज आणि वेळापूर. क वेळापूरची नाही, म्हणजे अकलूजची. ड बद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नाही, तिच्या वाट्याला उरलेलं गाव.

माझी मुलगी अ आणि ब अचूक बसवायची. मग क चा शेंगदाणा वेळापूरला, ड चा अकलूजला.

“फळ्यावर काय लिहिलंय? वाच मोठ्यानं.”

“क वेळापूरची नाही.”

“मग तिला वेळापूरला कशाला पाठवलंस?”

“चुकलं.”

चुकलं म्हणे! अवघड कोड्यातही तेच. जिथं मोठी माणसं डोकं धरून बसतील तिथं ही सरसर पुढं जायची, आणि शेवटच्या दोन खणांत, जिथं विचार करायला काही उरतच नाही, तिथं उलटापालट. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी ओरडले. लाडीगोडी लावली. टीव्ही बंद केला. शेवटी शेंगदाण्याऐवजी काजू दिले. तिनं दोन्ही काजू चुकीच्या खणांत ठेवले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “हे खाऊ का?”

त्यात आतून तेल ओतणं चालूच. “पोरी, आईला सांग, दरवेळी वेळापूरचीच का उरती शेवटाला? वेळापूरला कुणी इचारत न्हाय व्हय?”

“सांग त्यांना, कोडं घालतेय मी, सोयरीक जमवत नाही.”

ड्यूटीवरून आल्यावर मी ह्यांना म्हटलं, “आपली मुलगी मठ्ठ आहे का हो?” ते म्हणाले, “माझ्यावर गेली असेल.” आणि पेपर तोंडासमोर धरला. दुसऱ्यांची पोरं लावते आणि स्वतःच्या पोरीला चार बायका बसवता येत नाहीत, असं लोक बोलणार हे मला दिसत होतं. रडू यायचं. पण रडायला वेळ कुणाला होता? परीक्षा जवळ येत चालली होती.

एक दिवस क्लास भरलेला असतानाच नळाला पाणी सुटलं. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, आलं की हातातलं टाकून पळायचं. मी घाईघाईनं फळ्यावर कोडं लिहिलं. चार जावा, अ, ब, क, ड. चार भाज्या, मेथी, शेपू, वांगं, भेंडी. प्रत्येकीला एकच आवडते. अ ला ना मेथी आवडते, ना शेपू. ब ला वांगं आवडतं. एवढं लिहिलं आणि पिंप भरायला धावले.

परत आले तर पोरांचं उरकलेलं होतं. काहींनी उत्तर खाऊनही टाकलं होतं. माझी तेवढी फरशीसमोर बसून होती, मुठीत दोन शेंगदाणे.

“आई, क आणि ड चं ठरत नाही. एक वाक्य राहिलंय तुझं.”

मी फळा बघितला. खरंच राहिलं होतं. क ला शेपू चालत नाही, हे लिहायचंच विसरले होते. आणि बाकीच्या एकाही पोराला त्याचा पत्ता नव्हता. ज्याला जसं वाटलं तसं ठेवून सगळी मोकळी झाली होती.

मी पदराला हात पुसत तिथंच थांबले. जिला शेवटचे दोन खण कधीच जमत नाहीत, तिला ते ठरत नाहीत हे कळलं कसं? आणि मग मागचंही सगळं डोक्यात लख्ख झालं. ज्याला येत नाही तो कधी चुकतो, कधी नशिबानं बरोबर येतो. ही दरवेळी चुकायची, आणि दरवेळी त्याच दोन खणांत. तसं चुकायला बरोबर उत्तर आधी ठाऊक लागतं. माझी पोरगी कोडं पुरं सोडवत होती आणि मग मुद्दाम बिघडवत होती. माझ्या डोळ्यांदेखत, इतके महिने, आणि मी तिला काजू देत बसले होते!

क्लास सुटेपर्यंत मी कसाबसा दम धरला. शेवटचं पोर चपला घालून गेलं आणि मी तिला धरलं.

“मुद्दाम चुकतेस तू.”

ती चिंचोके गोळा करत राहिली.

“जायचं नाही तुला त्या शाळेत?”

तिनं मान हलवली. नाही.

“भीती वाटते?” नाही. “तिथलं जेवण आवडणार नाही?” नाही. “मैत्रिणी सुटतील?” नाही. “बाबा काही बोलले?” नाही. मी विचारत होते आणि ती एकेक चिंचोका डब्यात टाकत होती. माझा जीव मेटाकुटीला आला. “अगं मग आहे तरी काय? बोल की! तोंडात काय मूग धरलेस?”

“मी गेले तर निरोप कोण सांगणार?”

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर हसूच आलं. “निरोपासाठी कुणी शाळा सोडतं का, वेडे? आम्ही बघू आमचं.”

“नाही बघणार,” ती म्हणाली. “आजी मोरीत पडली होती.”

“कधी?”

“पावसाळ्यात, शाळा सुरू झाल्या झाल्या. तू क्लास घेत होतीस. मी पाणी प्यायला आत गेले तर आजी मोरीत बसलेली. तिला उठताच येत नव्हतं. लुगडं सगळं भिजलेलं. किती वेळ बसली होती काय माहीत. मी म्हटलं, आईला हाक का नाही मारलीस? तर म्हणाली, आमी बोलत न्हाय.”

“मग?”

“मग मी धरून उठवलं. तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली तिनं गळ्याची.”

मला तो दिवस आठवला. ही कोपरापर्यंत ओल्या बाह्या घेऊन क्लासात परत आली होती आणि पाण्यात खेळलीस म्हणून मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते. एवढ्या वर्षांत तेवढाच एक निरोप तिनं मला दिला नव्हता.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण नंतर. आधी संताप आला. मी तरातरा आत गेले. सासूबाई भिंतीला टेकून शेंगा फोडत बसल्या होत्या.

“आत्याबाई, मोरीत पडलात तर हाक मारायला काय धाड भरली होती तुम्हाला?”

इतक्या वर्षांनी मी त्यांच्याशी बोलले ते हे असं. त्या दचकल्या. मग माझ्या मागं दारात उभ्या असलेल्या पोरीकडं बघत म्हणाल्या, “पोरी, तुज्या आईला सांग...”

“मी नाही सांगणार,” मुलगी म्हणाली.

सासूबाईंनी एक शेंग फोडली. दाणे डब्यात टाकले, टरफल बाजूला टाकलं. वर न बघता म्हणाल्या, “हाक मारली असती तर आली असतीस व्हय?”

“न यायला काय मी वैरीण आहे? धावत आले असते!”

“भाईर पोरं बसलेली. तुजा किलास चाललेला. तूच म्हनली हुतीस, आतल्या मानसानं गप बसावं.” त्यांनी पुढची शेंग उचलली. “बसले गप.”

सुरुवात त्यांनीच केली होती, हे वाक्य इतकी वर्षं जिभेवर तयार होतं, पण ते काही बाहेर पडेना. शेवटी मी म्हटलं, “कुठं लागलं होतं?”

“कंबर.”

“अजून दुखते?”

“थंडीत लई.”

झालं आमचं बोलणं. मी बाहेर आले, तोंडावर पाणी मारलं, आणि वाटलं की चला, सुटला एकदाचा गुंता. दुसऱ्या दिवशी पोरीला कोडं घातलं. तिनं पहिले दोन शेंगदाणे झटक्यात ठेवले आणि शेवटचे दोन मुठीत धरून बसून राहिली. आता चुकतही नव्हती आणि बरोबरही येत नव्हती. खण नुसते रिकामे.

“आता गं काय झालं?”

“काल एकदाच बोललात तुम्ही. नक्की असल्याशिवाय शेंगदाणा ठेवायचा नाही, असं तूच शिकवतेस.”

कपाळाला हात लावला मी. माझीच विद्या माझ्याच गळ्यात. पोरीची परीक्षा राहिली बाजूला, आम्ही दोघी मोठ्या बायकाच तोंडी परीक्षेला बसलो. मी म्हणायचे, “आत्याबाई, भात.” त्या म्हणायच्या, “वाढ.” मी म्हणायचे, “गोळी घेतली?” त्या म्हणायच्या, “घेतली.” मधल्या दारात बाईसाहेब उभ्या. आणि बोलायची सवय मोडलेली, त्यामुळं दोनाचं तिसरं वाक्य आलं की भांडण. चटणीत मीठ कुणी जास्त टाकलं, इथपासून ते माझ्या लग्नातल्या जेवणावळीपर्यंत. एकदा मी वैतागून पोरीला म्हटलं, “बघ, हे बोलणं. ह्यापेक्षा अबोला परवडला.” ती म्हणाली, “भांडण चालेल.” आणि तरीही खण रिकामेच. मी रोज दात ओठ खात ते रिकामे खण पुसत होते. पोटात माया कितीही असली, तरी सांगते, त्या दिवसांत तिला दोन रट्टे द्यावेत असंही कितीदा वाटलं.

परीक्षा तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. क्लास सुटला होता. मी पुढच्या खोलीत उरलेला खडू वेचत होते. मुलगी तिच्या फरशीसमोर, त्याच आमच्या जुन्या चौघी मांडून बसलेली. अ सोलापूरला, ब होटगीला. क आणि ड हवेत.

तेवढ्यात आतून ओरडा आला. “अगं ए! कुटं तडमडलीस? ये की हिकडं, दूध उतू चाललंय! हात भाजला माझा!”

मी खडू टाकून पळाले. गॅस बंद केला, त्यांचा हात धरून नळाखाली घातला. पाणी सोडायला गेले तर नळाला पाणी नाही, मग तांब्यानं ओतलं. “उघड्या हातानं भांडं उचलतं का कुणी?” मी म्हटलं. “गॅस येवढा मोठा ठिवून कुणी जातं व्हय?” त्या म्हणाल्या. “मग बंद करायचा!” “करतच हुते की, तवाच भाजलं!” दूध ओट्यावरून खाली ठिबकत होतं आणि आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर ओरडत होतो. हातावर तूप लावताना त्या कळवळल्या आणि त्यांनी माझा खांदा धरला. बराच वेळ धरून ठेवला. मीही हलले नाही.

फडकं घेऊन बाहेर आले तेव्हा मुलगी माझीच वाट बघत होती. फरशीवर क चा शेंगदाणा अकलूजला, ड चा वेळापूरला. बाकी सगळीकडं चिंचोके, एकही खण रिकामा नाही.

“बरोबर आहे ना?”

ह्याच दोन दाण्यांसाठी मी एवढी जिवाची तगमग केली होती. आणि आता ते जागच्या जागी बघून परत उचलून मुठीत लपवावेत असं वाटलं. “बरोबर आहे,” मी म्हटलं.

तिनं चारही शेंगदाणे उचलून तोंडात टाकले, चिंचोके डब्यात भरले आणि चपला घालून खेळायला पळाली. मी ओल्या फडक्यानं तिची फरशी पुसायला बसले.

“सुटलं व्हय तिचं?” आतून सासूबाईंनी विचारलं.

सवयीनं मी दाराकडं बघितलं. निरोप न्यायला तिथं कुणी नव्हतं. त्यांनी मलाच विचारलं होतं.

“सुटलं, आत्याबाई,” मी म्हटलं. “जाणार आता ती.”